पर्वतीच्या पायऱ्या आणि रोजचा व्यायाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सहकारनगरात राहायला आल्यापासून, म्हणजे गेली १९ वर्षं, मी आठवड्यातून चार-पाच वेळा सकाळी पर्वतीची टेकडी चढते. एवढ्या वर्षांत सोसायटीतल्या, बँकेतल्या आणि नात्यातल्या कितीतरी जणांना सोबत घेऊन गेले. जवळजवळ सगळ्यांनी मला तेच ते प्रश्न विचारले, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत. मी डॉक्टर नाही. गुडघा दुखायला लागला तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून जे शिकले आणि पायऱ्यांवर जे पाहिलं, ते इथे आहे. आधीच एक सांगून ठेवते. पर्वती चढायला सगळ्यांना येते, उतरायला मात्र शिकावं लागतं. म्हणून उतरण्याबद्दलचं उत्तर सगळ्यात लांब झालंय. बाकीचं राहिलं तरी चालेल, तेवढं वाचाच.

पहिल्याच दिवशी वरपर्यंत जावं का?

तब्येत ठणठणीत असेल आणि रोज अर्धा तास चालायची सवय असेल तर जरूर जा, पण थांबत थांबत. सवय नसेल तर पहिल्या दिवशी अर्ध्यापर्यंत जा, कठड्याशी दोन मिनिटं टेका आणि खाली या. अर्ध्यातून परत यायला लोकांना फार लाज वाटते. बाजूने आजोबा सरसर वर निघून जातात आणि आपण धापा टाकत उभे, हे नको वाटतं. ते आजोबा तीस-चाळीस वर्षं येत असतात, हे तेव्हा लक्षात येत नाही.

सुरुवातीचे दोन आठवडे एकच फेरी करा. पायथ्याशी आल्या आल्या थेट पहिल्या पायरीवर पाय टाकू नका. आधी सारसबागेच्या बाजूने किंवा रस्त्यानेच आठ-दहा मिनिटं चाला, घोटे फिरवून घ्या, चवड्यांवर दहा-पंधरा वेळा वर-खाली व्हा. स्नायू गरम झाल्यावर तीच चढण निम्मी वाटते.

पायऱ्या नेमक्या किती आहेत?

पुस्तकांत १०३ हा आकडा येतो. १०८ सांगणारेही भेटतात. कुठली पहिली धरायची आणि मधल्या सपाट जागा मोजायच्या की नाही यावर आकडा बदलतो, त्यामुळे या वादात पडू नका. व्यायामाच्या दृष्टीने आकड्यापेक्षा पायरीचा आकार महत्त्वाचा. पर्वतीची पायरी म्हणजे इमारतीचा जिना नव्हे. ती रुंद आहे, लांब आहे आणि तिचा दगडी पृष्ठभागही वरच्या दिशेने चढता आहे. हत्ती-घोडे चढावेत म्हणून अशा पायऱ्या केल्या असं जुने लोक सांगतात. त्यामुळे १०३ आकडा ऐकून 'एवढंच?' म्हणणारा माणूस निम्म्यावर गप्प होतो. पायऱ्यांच्या उंचीत मधल्या चढाचीही भर पडत असते, हे त्याने धरलेलंच नसतं.

या पायऱ्या आहेत तरी किती जुन्या?

वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, १७४९ साली. आख्यायिका अशी की, त्यांच्या आईच्या, काशीबाईंच्या पायाला काही केल्या बरं न होणारं दुखणं होतं. टेकडीवरच्या देवीला नवस बोलल्यावर ते बरं झालं आणि मग नानासाहेबांनी मंदिर उभारलं. पायाच्या दुखण्यातून उभी राहिलेली ही जागा आज शेकडो पुणेकरांचे पाय धड ठेवते, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब १७६१च्या जूनमध्ये इथेच वारले. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली, ती दुसऱ्या बाजीरावाने पर्वतीवरूनच पाहिली. वर पेशवे संग्रहालय आहे. व्यायामाच्या घाईत आम्ही सगळेच ते टाळतो, पण एखाद्या रविवारी वेळ काढून बघा.

मला तिसाव्या पायरीलाच दम लागतो. माझं हृदय कमकुवत आहे का?

बहुतेक वेळा तसं काही नसतं. सपाटीवर चालताना शरीर फक्त पुढे न्यायचं असतं. चढताना प्रत्येक पावलाला सगळं वजन उचलावं लागतं आणि ते काम मांडी आणि कुल्ल्याचे मोठे स्नायू करतात. या स्नायूंना एकदम जास्त प्राणवायू लागतो. हृदय आणि श्वास त्या मागणीपर्यंत पोचायला मिनिट-दीड मिनिट घेतात. पहिल्या वीस-तीस पायऱ्या याच मधल्या वेळात येतात. त्यामुळे रोज येणाऱ्यालाही सुरुवातीचा टप्पा जडच जातो.

उपाय साधा आहे. पहिल्या तीस पायऱ्या मुद्दाम कंटाळा येईल इतक्या हळू चढा. वेग बरोबर आहे का हे बोलून तपासा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बेताचा आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर व्यायाम जोराचा चाललाय. शब्दच फुटत नसेल तर थांबा. थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत श्वास खाली बसायला हवा.

मात्र छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, दुखणं जबड्यात, खांद्यात किंवा हातात उतरणं, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काहीही झालं तर तो दम नव्हे. तिथेच बसा, कुणाला तरी हाक मारा आणि १०८ला फोन करा. 'खाली जाऊन बघू' म्हणून पायऱ्या उतरू नका. बायकांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसतं मळमळणं, विलक्षण थकवा किंवा पाठीत दुखणं एवढंच लक्षण असू शकतं. आपण ते पित्तावर ढकलतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दम नेहमीच लागत असेल, सोबत चेहरा फिकट असेल, जिन्याने एक मजला चढूनही धडधडत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. माझी एक मैत्रीण वर्षभर 'माझा स्टॅमिनाच नाही' म्हणत होती. तिचं हिमोग्लोबिन ८ निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि तीन-चार महिन्यांत ती माझ्यापुढे चालायला लागली.

चढताना काही होत नाही, पण उतरताना गुडघे दुखतात. असं का? आणि काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय आणि मी स्वतःही तो विचारलाय.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराला धरून ठेवतो, म्हणजे ब्रेक लावतो. या कामाला दम लागत नाही, त्यामुळे उतरणं सोपं वाटतं. पण गुडघ्याच्या वाटीमागे जो सांधा आहे त्याच्यावर पायरी उतरताना शरीराच्या वजनाच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त भार येतो. स्नायू थकलेला असला, किंवा आपण घाईत धपाधप उतरलो, की ब्रेक नीट लागत नाही आणि दणका थेट सांध्याला बसतो. वर पोचेपर्यंत मांड्या थकलेल्याच असतात. आणि नेमकं तेव्हाच 'आता काय, उतारच आहे' म्हणून आपण सुटतो.

मला फिजिओथेरपिस्टने पहिल्या दिवशी काय सांगितलं असेल, तर कान द्या. स्वतःच्या पावलांचा आवाज ऐका. थप, थप असा आवाज येत असेल तर हाडं उतरताहेत. पाऊल जवळजवळ बिनआवाज टेकत असेल तर स्नायू उतरताहेत. तुम्हीही उद्या सकाळी कठड्याला टेकून पाच मिनिटं डोळे मिटून येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं ऐका. कुणाचे गुडघे टिकणार आहेत हे ऐकूनच कळायला लागतं.

आता पाऊल कसं टाकायचं ते सांगते. गुडघा कधीही पूर्ण ताठ करून खाली टेकू नका, थोडा वाकलेला असू द्या. गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकू देऊ नका. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. भीतीने शरीर मागे रेलतं, तसं करू नका. त्याने टाच घसरते आणि गुडघ्यावर जास्त ताण येतो. कमरेतून किंचित पुढे राहा. नजर तीन-चार पायऱ्या पुढे ठेवा. पायाखाली बघत राहिलात तर तोल जातो. एक हात कठड्याच्या जवळ असू द्या, धरला नाही तरी चालेल.

खास पर्वतीची एक गोम आहे, ती कुणी सांगत नाही. इथली पायरी लांब आहे, त्यामुळे एका पायरीवर आपली बहुधा दोन पावलं पडतात. परिणाम असा की, प्रत्येक पायरीवरून खाली पडणारा पाय नकळत एकच असतो. माझा उजवा असायचा. शंभर पायऱ्या, रोज, वर्षानुवर्षं, उजवाच पाय खाली पडायचा आणि डाव्या मांडीला एकटीला ब्रेक लावावा लागायचा. माझा दुखला तो गुडघाही डावाच. दर आठ-दहा पायऱ्यांनी एक छोटं जादा पाऊल घेऊन पाय बदला. पहिले काही दिवस मोजत बदलावा लागतो, मग आपोआप होतं.

उतार तीव्र वाटला तर सरळ न उतरता तिरकं, नागमोडी उतरा. पायऱ्या रुंद आहेत, गर्दी नसेल तेव्हा त्याचा फायदा घ्या. आणि वर पोचल्यावर लगेच वळू नका. पाच मिनिटं फिरा, शहराकडे बघा, दर्शन घ्या, मांड्यांना जरा विसावा द्या आणि मग उतरा.

गुडघ्यांची झीज आहे असं सांगितलंय. पायऱ्या बंदच करू का?

हे तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना नको. झीज सगळ्यांची सारखी नसते. सुरुवातीच्या टप्प्यात मांडीचे स्नायू बळकट करणं हाच उपचाराचा मोठा भाग असतो आणि तो घरच्या घरीही सुरू करता येतो. पाय सरळ ठेवून मांडी आवळून धरायची, पाठ भिंतीला लावून थोडं खाली बसायचं, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. हे सहा-आठ आठवडे केल्यावर मग डॉक्टरांना विचारून पायरीचा विचार करा. गुडघा सुजत असेल, मधेच अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल तर आधी तपासणी.

एक पाय दुखरा असताना जिना करावाच लागला तर फिजिओथेरपिस्टांचा जुना नियम आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. म्हणजे वजन उचलायचं आणि ब्रेक लावायचं, दोन्ही कामं चांगल्या पायाकडे राहतात.

वजन कमी होईल का?

एकट्या पायऱ्यांनी फारसं नाही. हिशेब मांडून बघा. ७० किलोचा माणूस १० मीटर उंच चढला तर त्याच्या शरीराची साधारण ७-८ कॅलरी ऊर्जा खर्च होते. वजन वर न्यायला लागणारी ऊर्जा खरं तर दीड-पावणेदोन कॅलरीच असते. स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात त्यातली तीन-चतुर्थांश किंवा जास्तच उष्णतेत जाते, म्हणून तर घाम येतो. एका वडापावात अडीचशे-तीनशे कॅलरी असतात. तो फिटवायचा तर शंभराहून जास्त मजले चढावे लागतील. खाली उतरून गरम वडा खाणाऱ्यांना मी अडवत नाही, पण वजन का हलत नाही याचं उत्तर तिथेच आहे.

खरा फायदा दुसरीकडे आहे. मांड्या, कुल्ले, पोटऱ्या बळकट होतात, दम वाढतो, तोल सुधारतो. पन्नाशीनंतर पायातली ताकद भराभर जाते आणि ती गेली की बाथरूममध्ये घसरून पडण्यापासून सगळं सुरू होतं. मी पर्वती चढते ती त्यासाठी.

आठवड्यातून किती दिवस, किती फेऱ्या?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगते. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. पायऱ्या चढणं बहुतेकांसाठी जोराच्या व्यायामात जातं. आठवड्यातून तीन-चार दिवस, एकाआड एक, आणि मधल्या दिवशी सपाटीवर चालणं हे मला सगळ्यात चांगलं मानवलेलं गणित आहे. दोन आठवड्यांनी एक फेरी वाढवा, त्याहून घाई नको. तीन फेऱ्यांच्या पुढे जायची गरज साठीच्या आतल्या-बाहेरच्या सामान्य माणसाला नाही असं माझं मत आहे. ट्रेकची तयारी करणारी मुलं पाठीवर सॅक घेऊन दहा-दहा फेऱ्या मारतात, त्यांचं वेगळं.

मला सकाळी दहाच मिनिटं मिळतात. काही उपयोग आहे का?

आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१७मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नियमित व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांनी २० सेकंद जोरात जिना चढायचा, मग सावकाश दम घ्यायचा, असं तीनदा. सुरुवातीचं आणि शेवटचं हलकं चालणं धरून सगळं दहा मिनिटांत. आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. एवढ्यानेही त्यांचा दम मोजण्याइतका वाढला. याला पर्वतीही लागत नाही, सोसायटीचा जिना पुरतो. फक्त हा प्रकार जोराचा आहे. चाळिशीपुढच्यांनी आणि कुठलाही आजार असणाऱ्यांनी आधी महिना-दोन महिने साध्या वेगाने चढून मग तिकडे वळावं.

बीपी आहे, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. चढू का?

डॉक्टरांना विचारताना 'व्यायाम करू का' असं मोघम विचारू नका. त्यावर 'करा की' असंच उत्तर येणार. 'पर्वती चढू का, दम लागेपर्यंत' असं विचारा.

बीपीच्या गोळ्यांमध्ये बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी असेल तर नाडीचे ठोके फारसे वाढतच नाहीत. मनगटावरच्या घड्याळात आकडा कमी दिसतो म्हणून वेग वाढवत नेऊ नका, बोलून बघण्याची कसोटीच वापरा. चढताना श्वास रोखून धरायचा नाही, रोखला की रक्तदाब उसळतो. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी येऊ नये. खिशात चार चमचे साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची बिस्किटं ठेवावीत. हात थरथरणं, दरदरून घाम, गोंधळल्यासारखं होणं असं झालं तर आधी साखर तोंडात, बाकीचं मग. आणि मधुमेहींनी घरी गेल्यावर तळपाय उजेडात बघावेत. पायाची संवेदना कमी झाली असेल तर खडा टोचलेला कळत नाही.

काय खाऊन यावं?

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांचं वर सांगितलंच. बाकीच्यांना अर्धं केळं, दोन खजूर किंवा नुसता चहाही चालेल. पोटभर नाश्ता करून नको. पाणी सोबत ठेवा. उतरल्यावर ताक किंवा लिंबू सरबत उत्तम. सकाळी ताजी नीरा मिळाली तर अर्ध्या तासात पिऊन टाका, उन्ह चढलं की ती आंबायला लागते.

कुठले बूट घ्यावेत?

भारीतले नकोत, पण तळवा रबरी हवा आणि त्यावरची नक्षी शाबूत हवी. अंगठा आणि बुटाच्या टोकामध्ये अर्धा इंच जागा सोडा, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. बूट उलटा करून टाचेची बाहेरची कड दर दोन महिन्यांनी बघा. ती घासून गुळगुळीत झाली की बदला, वरून कितीही नवा दिसला तरी. चपला आणि स्लिपर घालून येणारे रोज दिसतात. स्लिपर उतरताना पायातून निघते आणि ती पकडायला आपण बोटं आवळतो, पोटरीला गोळा येतो तो तिथेच. नवसाने अनवाणी चढणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना माझा नमस्कार.

पावसाळ्यात काय करायचं?

भुरभुर असेल आणि दगड नुसते ओले असतील तर जपून चढता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये सलग झड लागली की मात्र दगडावर हिरवा-काळा थर धरतो. हा आपला सह्याद्रीचा काळा दगड, पाय पडून पडून घासलेला. त्यावर शेवाळं बसलं की नवा बूटही धरत नाही.

मी २०१४च्या ऑगस्टमध्ये पडले. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं, म्हणून निर्धास्त होते. खालच्या टप्प्यात सावलीतल्या पायरीच्या कडेला पाय पडला आणि त्याच वेळी खिशातला फोन वाजला. हात खिशाकडे गेला आणि कठडा सुटला. घोटा मुरगळला, सहा आठवडे घरी. तेव्हापासून तीन नियम केले. उतरताना फोन हातात घ्यायचा नाही, वाजू दे. ओल्या दिवसांत पायरीच्या मधोमध, जिथे वर्दळ असते तिथूनच चालायचं, कारण शेवाळं कडेला आणि सावलीत आधी धरतं. आणि दगड चमकताना दिसला की त्या दिवशी परत फिरायचं.

झडीच्या दिवसांसाठी सोसायटीचा जिना आहेच. चढायचं जिन्याने आणि उतरायचं लिफ्टने, असं केलं तर गुडघ्यांना सुट्टीही मिळते. स्वारगेट आणि मंडई ही मेट्रो स्थानकं जमिनीखाली आहेत. तिथून वर येताना सरकता जिना सोडून पायऱ्या घेतल्या तरी बरंच काही होतं.

सकाळी किती वाजता यावं? थंडीत पहाटेची हवा चांगली ना?

उन्हाळ्यात सातच्या आत उतरून व्हा. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि काळा दगड तापायला वेळ लागत नाही.

थंडीचं मात्र उलटं आहे. पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्यामानाने उबदार असते. ही उबदार हवा झाकणासारखी बसते आणि शेकोट्यांचा, गाड्यांचा धूर खालीच कोंडतो. डिसेंबरात वरून शहराकडे बघा. पांढुरकी पट्टी पेठांवर पसरलेली दिसते. तिला आपण धुकं म्हणतो, पण त्यात धूरही बराच असतो. दमेकऱ्यांनी तरी सूर्य वर आल्यावर, साडेसात-आठनंतर यावं. दिवाळीत फटाक्यांनंतरची सकाळ सोडूनच द्या.

मुलगी एकटी जाते म्हणते. पाठवू का?

उजेडात, मुख्य पायऱ्यांवर, जरूर. सकाळी साडेसहा ते साडेआठ एवढी ओळखीची तोंडं असतात की एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चौकशी होते. अंधारात किंवा मागच्या बाजूच्या पायवाटांनी एकटं जाऊ नये, हे मी मुलांनाही सांगते. कानात दोन्ही बाजूंनी गाणी नकोत. ११२ नंबर फोनमध्ये असू द्या.

आईचं वय ७२. तिला आणू का?

रोज चालत असतील, डॉक्टरांची हरकत नसेल तर आणा. चढताना तुम्ही त्यांच्या मागे राहा आणि उतरताना एक पायरी पुढे, थोडं बाजूला. हात धरून ओढू नका, त्याने त्यांचा तोल जातो. तुमचा दंड त्यांना धरू द्या. किती चढायचं ते त्यांनी ठरवायचं. माझी आई शेवटची दोन वर्षं फक्त वीस पायऱ्या चढायची, कठड्यावर टेकायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायची आणि उतरायची. तिचं वीसचं गणित मी कधी वाढवायला गेले नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की खुर्चीत बसवेना. काही बिघडलं का?

नाही. उतरताना स्नायू ताणत काम करतात, त्यात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. हे दुखणं एक ते तीन दिवसांत चढतं आणि मग आपोआप जातं. झोपून राहू नका, सपाटीवर हळू चाला, गरम पाण्याने शेका. पुढच्या खेपेला इतकं दुखत नाही. एकाच पोटरीत दुखणं, सूज आणि गरमपणा असेल किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर मात्र ताबडतोब डॉक्टर.

मंदिराच्या पायऱ्यांवर व्यायाम केलेला चालतो का?

पुणेकरांच्या पिढ्या ते करत आल्या आहेत. पण ती आधी देवाची वाट आहे. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला भाविकांची गर्दी असते, तेव्हा फेऱ्या मारू नयेत. नेहमीही डावीकडून चाला, धावत उतरू नका, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावू नका. पाण्याची बाटली सोबत न्या आणि सोबतच परत आणा.

आम्ही पर्वतीपासून लांब राहतो. दुसरं काय?

सेनापती बापट रस्त्यावर चतुःशृंगी आहे, तिथेही शंभराहून जास्त पायऱ्या आहेत आणि त्या पर्वतीपेक्षा जिन्यासारख्या आहेत. फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी इथे पायऱ्यांऐवजी मातीची चढण मिळते, गुडघ्यांना ती मऊ लागते. दक्षिणेकडच्यांना तळजाई, तिथे मोरांचा आवाज फुकट. सिंहगड आठवड्याला एकदा ठीक, रोजचा नव्हे.

महिनाभर खंड पडला. पुन्हा तिथूनच सुरू करू का?

नको. दोन आठवडे गेले असतील तर निम्म्या फेऱ्यांनी सुरू करा. महिना किंवा जास्त गेला असेल, किंवा मधे ताप, डेंगी, कोविड असं काही झालं असेल, तर नव्यासारखं अर्ध्यापर्यंत जाऊन परत या आणि बोलून दम तपासा. उतरताना पाय बदलायची सवयही या काळात मोडलेली असते, ती पुन्हा मोजून लावा.